आबासाहेबांनी न सांगितलेली शेवंताआक्का

शेवंताआक्का गेल्याची बातमी मला नळदुर्गच्या एसटी स्टँडवर कळली. मी तिच्याकडेच निघाले होते. सोलापूरच्या दवाखान्यात तिला काही गिळवत नव्हतं म्हणून डब्यात पातळ भात आणि कढी घेतली होती, पिशवीत तिचं धुतलेलं लुगडं होतं. सोलापूरहून आलेल्या गाडीतून आमच्याच गावचा एक माणूस उतरला, मला बघून जागीच थबकला आणि म्हणाला, "वैनी, तुमी आता जाऊ नका. आक्काला घिऊन ट्रक निघालाय... मागनं येतोय." मी बाकावर बसले. भोवतीच्यांना वाटलं, आता हिला रडू फुटेल. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. एक माणूस अजून धडधाकट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो, आणि ही गेली, हा कुठला न्याय असं वाटलं. तो माणूस कोण हे आमच्या पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नाही, पण या पुरवणीचे वाचक लांबलांबचे आहेत. मी त्यांना इथं आबासाहेब म्हणणार आहे. त्यांचं खरं नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. संपादकांनी तसं बजावलं आहे, आणि ज्याला कळायचं त्याला नावाशिवायही कळेल.

दहावं झाल्यावर चावडीपुढं शोकसभा भरली. आक्का आमच्या गावची सरपंच होती, तेव्हा सभा व्हायलाच हवी होती. पहिलं भाषण आबासाहेबांनी केलं. फोटोला हार घातला, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "शेवंताबाई मला धाकट्या बहिनीवानी. बायकांनी म्होरं यावं, पंचायतीत बसावं, ह्यो इचार या गावात पयला म्या मांडला. बाईंनी त्यो सिद्धीस नेला." माणसं माना डोलवत होती. मी समोर बसले होते आणि पदरात मुठी आवळत होते. शेवटी ते म्हणाले, "त्यांची जागा मोकळी ऱ्हाऊ नये. त्या जागेवर म्या माझ्या घरची सून देतो. हीच माझी श्रद्धांजली." देतो म्हणाले. वासरू द्यावं तसं. मी तिथंच ठरवलं की आक्काबद्दल लिहायचं, आणि यांनी जे सांगितलं नाही ते सगळं लिहायचं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन निवळतं म्हणतात. माझं निवळलेलं नाही आणि निवळावं अशी माझी इच्छाही नाही.

आक्का कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी शेतकरीण बाई. नवरा सरहद्दीवरच्या कॅम्पात निजामाविरुद्ध काम करायचा, तिथंच तापानं गेला. पुढं रझाकारी संपली, आमचा मुलूख हिंदुस्थानात सामील झाला, आणि तोवर निजामाच्या अंमलदारांना कोंबड्या कापून घालणाऱ्या आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी बदलली. गावात पंचायत आली तेव्हा सरपंच तेच झाले. पंचायतीत एखादी बाई घ्या असं वरून सांगणं होतं. कॅम्पातल्या माणसाची विधवा घेतली की कागदावर शोभून दिसतं, म्हणून त्यांनी आक्काचं नाव घातलं. नाव घातलं तरी तिनं यायचं नव्हतं. बाईचा अंगठा घरी जाऊन घ्यायचा अशीच तेव्हाची रीत. आक्का मात्र पहिल्याच सभेला धुतलेलं लुगडं नेसून आली आणि मोकळी खुर्ची दिसली तिच्यावर बसली. आबासाहेब तिच्याशी बोललेसुद्धा नाहीत. शिपायाकडं बघून म्हणाले, "पयल्याच सभंला पांढरं कपाळ कुनी बसवलं रे हितं?" दोनचार जण हसले. सभा तिथंच मोडली. आक्का उठून बाहेर पडली आणि पायऱ्या उतरते न उतरते तोच त्यांनी गोमूत्र आणवून ती खुर्ची आणि खालची फरशी धुवून घेतली. आक्का चावडीपुढं उभी राहून ते सगळं बघत होती. पुढं ती मला अनेकदा सांगायची, "म्या मुद्दाम थांबले, सुमन. डोळं भरून बघून घेतलं. इसरायला नगं."

मी त्याच आबासाहेबांची धाकटी भावजय. सोलापूरची, सातवी पास. मोगलाईत, निजामाच्या मुलखात, दिली म्हणून मैत्रिणींनी मला चिडवलं होतं. सासरी पहिली शिकवण मिळाली ती गप्प राहण्याची. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. दाराआड उभं राहायचं. आबासाहेब विचारायचे तेसुद्धा मला नाही, भिंतीला. "म्हनावं, पाव्हन्यांचा सैपाक झाला का?" झाला असेल तर मी बांगड्या वाजवायच्या, नसेल तर उगी राहायचं. वर्षानुवर्षं त्या घरात माझा आवाज म्हणजे दोन हातांतल्या हिरव्या बांगड्या. माझे यजमान स्वभावानं गरीब, भावापुढं त्यांचाही आवाज तेवढाच. पुस्तकातल्या कविता म्हणून बक्षीस मिळवलेली मी, आणि काही वर्षांनी मला माझाच आवाज परका वाटायला लागला होता.

आक्काची आणि माझी गाठ पडली ती पापडाला. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. पण उन्हाळ्यात पापड लाटायला हात कमी पडतात, आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असं चालतं, आणि तिथं मात्र विधवा चालते. शेंगा फोडायला चालते, डाळी करायला चालते. आक्कानं हे बरोबर हेरलं होतं. जिथं म्हणून फुकटचे हात लागतात तिथं ती जायची आणि तिथंच तिची शाळा भरायची. पुरुष फिरकायचे नाहीत. बायका पिठाच्या लाट्या घेऊन गोल बसायच्या, आणि आक्का मधोमध बसून आबासाहेब व्हायची. एक गुडघा वर, गालात तंबाखू धरल्यासारखं तोंड, तेच खाकरणं. एकीनं उभं राहून बोलायचं, आडाच्या पाण्यावर म्हणा, शाळेच्या गळक्या कौलांवर म्हणा, आणि आक्कानं तिला आडवं यायचं. "आगं, चुलीवर दूध उतू गेलं बघ आधी!" "नवऱ्याला इचारून आलीस का?" आम्ही हसून लोटपोट व्हायचो. मग हळूहळू ती हसण्यापलीकडं जायची. आमच्यातली पारूबाई लेकरासाठी झुरणारी बाई. ती बोलायला उभी राहिली तेव्हा आक्का त्याच खाकरत्या आवाजात म्हणाली, "पोटी लेकरू न्हाय, आन् गावाचं करायला निगाली." पारूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती मटकन बसली आणि रडायला लागली. आम्हाला आक्काचा संताप आला. तिनं पारूबाईला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत.

"रड," ती म्हणाली, "पन वाक्य पुरं कर. त्यो चावडीत हेच बोलनार हाय. हितं शिळं करून घे, म्हंजी तितं लागनार न्हाय." पारूबाई रडत रडत उठली आणि कौलांचं वाक्य तिनं पुरं केलं. मला ते जमत नव्हतं. मी उभी राहायची, तोंड उघडायची आणि नुसत्या हाताच्या बांगड्या किणकिणायच्या. आक्का मान हलवायची. "ह्यो कासाराचा आवाज झाला, बाई. तुझा कुटं हाय?" नळदुर्गच्या बाजाराला आजूबाजूच्या गावच्या बायका यायच्या, त्यांनाही ती गाठायची, भाजीच्या पाट्यांआड बसून त्यांच्याशी अशीच भांडायची. त्यातल्या काही जणी आज आपापल्या पंचायतीत बसतात आणि उठवल्या उठत नाहीत. एकदा मी तिला विचारलं, आक्का, हे तू बायकांसाठी करतेस का त्या माणसाचा सूड म्हणून? तिनं लाटी मोडली, पुन्हा मळली. म्हणाली, "सूडच हाय की. सूडापायी केलं म्हून काम नासतंय व्हय?" मला ते उत्तर फार आवडलं. अजून आवडतं.

महाराष्ट्र झाला, पंचायतीचा नवा कायदा आला, निवडणूक झाली. गावात दोन तट पडले आणि आबासाहेबांच्या तटाचा एकच माणूस जास्त निवडून आला. बायकांच्या दोन जागा उरल्या, त्या एकेका तटानं वाटून घेतल्या. समोरच्यांनी आक्काला घेतलं, कारण दुसरी कुठली बाई यायला तयार नव्हती. मग आबासाहेबांनी डोकं चालवलं. त्यांनी मला घेतलं. मोठ्या हुशारीची निवड होती ती! जी भावजय रिवाजानं माझ्यापुढं तोंडच उघडू शकत नाही, ती माझ्याविरुद्ध काय बोलणार? शिवाय समोरच्या तटातला एक माणूस त्यांनी फोडला होता, तेव्हा सरपंचपद आपलंच असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबातलं एक मत म्हणजे माझ्या बांगड्या.

सरपंच निवडायच्या दिवशी उस्मानाबादेहून एक अधिकारी आले होते. चावडीला लागून एक खोली आहे, तिथं मला दाराआड उभं केलं. मतं हात वर करून द्यायची होती. आबासाहेबांच्या नावाला एकेक हात वर झाला आणि माझी पाळी आली. अधिकारी इकडंतिकडं बघायला लागले तसे आबासाहेब हसून म्हणाले, "सायब, आमच्या घरची चाल हाय. बाईमानूस म्होरं येत न्हाय. म्या इचारतो, बांगड्या वाजल्या की व्हकार समजा." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड करून विचारलं, "म्हनावं, आमच्या नावाला मत हाय न्हवं?" आक्कानं सकाळीच माझ्या दोन्ही हातांच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून फडक्यानं घट्ट बांधल्या होत्या. ती म्हणाली होती, "भ्यालीस तर हात थरथरतील. थरथरू दे. आवाज न्हाय आला पायजे." माझे हात थरथरत होते. आवाज आला नाही. आबासाहेबांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

मग मी दारातून बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण आबासाहेबांनी माझा चेहरा पहिल्यांदा बघितला तो त्या दिवशी. मी म्हणाले, "माझं मत शेवंताबाईंच्या नावाला आहे." कुणीतरी ओरडलं, "आगं ए, घर बुडवतीस काय?" आबासाहेब उभे राहिले आणि शिपायाला म्हणाले, "हिला घराकडं न्या रे, वारं लागलंय हिला." सगळं शिळं होतं. आक्कानं याहून वाईट बोललेलं मी ऐकलं होतं. मी म्हणाले, "मला कुणी नेऊ नका, मी पंच आहे. शेवंताबाई सरपंच व्हाव्यात असं माझं मत आहे, आणि ते मी माझ्या तोंडानं दिलेलं आहे." अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. फोडलेला माणूस हे बघून गडबडला आणि परत आपल्या तटात जाऊन बसला. आक्का सरपंच झाली. जिथं बसली म्हणून फरशी धुतली गेली तिथंच ती बसली, आणि आबासाहेब समोरच्या सतरंजीवर. ती त्यांच्याकडं नुसती बघत राहिली, डोळे भरून. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नाही, लग्नात नाही आणि बाळंतपणातही नाही.

त्याच संध्याकाळी आमची चूल वेगळी निघाली. भांडी अंगणात आली, अंथरुणं आली. माझे यजमान जातं उचलून बाहेर आणत होते. मला वाटलं, आता हे मला काय म्हणतील. त्यांनी जातं खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "बरं झालं." त्यानंतर आक्कानं गाव चालवलं आणि मला उपसरपंच केलं. सभेची वेळ तिनं बायकांच्या भाकरी उरकल्यानंतरची ठेवली. चावडीपुढून जाताना बायकांनी चपला हातात घ्यायच्या ही जुनी रीत होती. ती मोडायला तिनं ठराव वगैरे केला नाही, आम्हा सगळ्यांना घेऊन चपला वाजवत चावडीपुढून रोज बाजाराला गेली. आबासाहेब ओट्यावर बसलेले असायचे. त्यांनी तिथं बसायचं सोडून दिलं.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. सोलापूरच्या दवाखान्यात तिची माझी शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेत दिसेनाशी झाली होती, नुसते डोळे उरले होते. मला म्हणाली, "माझ्या जागंवर त्यो सून द्याचं म्हनंल. तू घे तिला." मी म्हणाले, आक्का, वेड लागलं का? तू नसलीस की दोन्ही तट सारखे होतात. ती सून ज्या बाजूला जाईल तो सरपंच. त्याच्या हातात चावडी परत देऊ? "त्याचा राग माझ्यापरीस कुनाला जास्ती आसंल तर त्याच्या घरातल्या बाईला," ती म्हणाली. "म्या एकदाच फरशी धुताना बघितलं. त्या रोज बघत्यात..."

म्हणून शोकसभेनंतरच्या सभेत सुनेच्या नावावर मतं सारखी पडली तेव्हा अध्यक्ष म्हणून मी माझं जादा मत तिच्या बाजूनं टाकलं. आमची माणसं माझ्यावर तुटून पडली. आबासाहेबांनी मिशीवर बोट फिरवलं. मालन तिचं नाव. आठवीपर्यंत शिकलेली, नवरा उमरग्याला मोटारींच्या धंद्यात, घरी कधीमधी येतो. सासऱ्याला वाटलं, सुमनसारखी ही सोलापूरहून आलेली नाही, ही जन्मात बोलणार नाही. त्यांनी तिला आमच्याकडं शेंगा फोडायलाही येऊ दिलं. त्यात काय वाईट, शेंगाच तर फोडायच्या!

आता आबासाहेब मीच होते. मी गुडघा वर घेतला, खाकरले, आक्काकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या मालनला घातल्या. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "काकू, मामंजी असं न्हाईत बोलत. त्ये चारचौघातलं झालं." तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि त्यांच्या घरातला आवाज काढला. अगदी हळू, थंड आवाज, जेवताना बायकोला बोलायचा. माझ्या जाऊबाई आयुष्यभर जे ऐकत आल्या ते तिनं एकेक वाक्य आम्हाला म्हणून दाखवलं. कुणाला हसू आलं नाही. शेवटी म्हणाली, "शोकसभंहून आले तवा म्या पानी वतत होते. चूळ भरली आन् म्हनले, गेली येकदाची. आता ही वाजवंल बांगड्या." पारूबाईनं तोंडाला पदर लावला. मी मालनला विचारलं, मग? ती म्हणाली, "मग काय? म्या तवाच ठरीवलं."

गेल्या आठवड्यात सरपंचाची निवड झाली. माझ्यामुळं हात वर करण्याची धास्ती बसलेली, म्हणून आबासाहेबांनीच चिठ्ठ्यांचा आग्रह धरला. गुपचूप आमच्यातला कुणी फुटेल अशी त्यांना आशा होती. चिठ्ठ्या उघडल्या, आणि एका मतानं मी सरपंच झाले. तेव्हापासून ते आपल्या जन्माच्या सोबत्याला, तात्यांना, चावडीत उभं राहून घरबुडव्या म्हणताहेत. तात्या तुळजाभवानीची शपथ घेऊन सांगताहेत की मत मी फिरवलं नाही. मला तात्यांची कीव येते, पण फार नाही. खुर्ची धुतली त्या दिवशी हसणाऱ्यांत ते होते.

हे छापायचं का, असं मी मालनला विचारलं. गुपित फुटलं तर तुला त्या घरात ठेवतील का, असंही विचारलं. ती म्हणाली, "नवऱ्याला सांगितलंय. त्ये गप ऱ्हायले, म्हंजी न्हाय म्हनले न्हाईत. तुमी लिवा. मामंजींना मोतीबिंदू हाय. ऐतवारी जेवल्यावर पुरवणी मीच वाचून दाखवती त्यास्नी."

आक्काच्या माघारी तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडं आहे. भिंतीला तिनं टेकून टेकून तेलकट डाग पडला आहे. तो मी पुसला नाही, चुना द्यायला आलेल्या माणसालाही हात लावू दिला नाही. काल मी खोली उघडली, शेणानं सारवली, माठ भरला, बाज उन्हात टाकून परत आत घेतली.

मालन, इथवर वाचून झालं असेल तर अंकाची घडी कर आणि त्यांच्या हातात दे. मग ये. दार उघडंच ठेवलं आहे.